घरातलं जॉबवर्क

"ताई बसायच्या त्या जागंवर वरच्यांनी सायकल लावलीया. सांगा की जरा त्यास्नी," दुर्गाबाई म्हणाल्या. पातेल्यात दूध ओतून झालं होतं, माप झटकून वरचे चार थेंबही पडले होते, आणि किटलीचं झाकण दाबत त्या समोरच्या दाराकडे वळल्याही होत्या. ज्योतीराम पातेलं धरून उंबऱ्यात तसाच उभा राहिला. कोण ताई, हे विचारायची गरज नव्हती. या इमारतीत दुर्गाबाई ताई म्हणायच्या ते एकटीलाच, त्याच्या बायकोला, सुमनला. आणि सुमनला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. "कुठं बसायची?" त्यानं विचारलं. "ह्या काय, जिन्यात. खिडकीपाशी. दुपारच्याला." "दुपारी तुमच्याकडं यायची ना ती?" "माझ्याकडं? मी कुठं आसती दुपारची घरला? मी गोठ्यावर." दुर्गाबाईंनी समोरची बेल दाबली. "आत लई गरम हाय म्हणायच्या. हितं वारं लागतं." समोरचं दार उघडलं, आतून पातेलं पुढे आलं, दुर्गाबाई माप भरायला वाकल्या आणि बोलणं तिथंच संपलं. त्यांच्या दृष्टीनं ते सायकलीबद्दलचं बोलणं होतं.

मोशीतली ही इमारत दुर्गाबाईंच्या सासऱ्यांच्या ज्वारीच्या वावरात उभी आहे. जमीन गेली, बदल्यात फ्लॅट मिळाले, पण म्हशी काही दुर्गाबाईंनी सोडल्या नाहीत. इंद्रायणीच्या अंगाला उरलेल्या तुकड्यावर पत्र्याचा गोठा आहे. दुपारी भाकरी खाऊन झाली की त्या तिकडे जातात आणि उन्हं कलली की येतात, लिफ्टला 'डबा' म्हणतात आणि जिन्यानंच चढतात, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. ज्योतीरामलाही होतं. तरीसुद्धा सुमन दुपारी दार ओढून घेऊन बाहेर जायची तेव्हा ती वरच्या मजल्यावर दुर्गाबाईंकडे जाते, हे त्यानं आपल्याशीच ठरवून टाकलं होतं. "जरा बाहेर बसते," एवढंच ती म्हणायची. पुढचं वाक्य त्यानं भरलं होतं, आणि भरलेलं वाक्य कधी तपासून पाहिलं नव्हतं. आता तो चपला न घालताच बाहेर आला. वर जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायऱ्या त्याच्या दाराला लागूनच होत्या, शेजारी जाळीची खिडकी, आणि त्या पायऱ्यांना टेकवून एक लाल सायकल उभी होती. त्यानं सायकल जरा सरकवली. खालच्या पायरीजवळ भिंतीचा रंग पाठ टेकून टेकून चकचकीत झाला होता, की तो पहिल्यापासूनच तसा होता, हे त्याला सांगता येईना. वारं मात्र खरंच येत होतं.

घरात आल्यावर दूध तापवायला ठेवून तो हॉलमध्ये खुर्चीवर बसला. गुरुवार होता. औद्योगिक वसाहतीची वीज गुरुवारी बंद असते, म्हणून इथल्या माणसांचा रविवार गुरुवारी येतो. सगळं जग कामाला जातं तेव्हा भोसरी-चाकणचा कामगार बनियनवर घरात बसलेला असतो. भिंतीशी टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. तो नेहमीच चालू असायचा. एका बाजूची पत्र्याची पाटी काढून ठेवलेली, आत तीन पंखे फिरताहेत, आणि घुंऽऽ असा एकसुरी आवाज, जो ज्योतीरामला कधीचाच ऐकू येईनासा झाला होता. ज्यानं उमेदीची सगळी वर्षं प्रेसशॉपच्या धडधडाटात घालवली त्याला असल्या आवाजाचं काय. आज मात्र तो ऐकू आला. त्यानं हात लांब करून मागच्या बाजूला धरला. भाकरी शेकून उतरवल्यावर तव्यावरून वाफ येते तसा गरम झोत तळहाताला लागला आणि तिथून सरळ पुढे गेला, बेडरूमच्या दाराकडे. असेल गरम, तो मनाशी म्हणाला. उन्हाळा होता, सगळ्यांच्याच घरात गरम होत होतं. आणि एवढंच सोसेना झालं असतं तर बंद करायचं होतं. एक बटण तर होतं. ज्या अर्थी तिनं बंद केलं नाही, त्या अर्थी तेवढं काही नसेल. हा हिशोब त्याला पटला. दूध उतू गेलं तेव्हा तो तोच हिशोब परत घालत होता.

सुमनची फुप्फुसं आखडत चालली होती. आषाढीनंतर तिला जिना चढताना दम लागायला लागला, तो वयाचा असेल म्हणून काढा झाला, वाफ झाली, आणि मग मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून सांगितलं की फुप्फुसात जाळं धरतंय, ते मागं फिरत नाही, पुढं जाण्याचा वेग तेवढा कमी करता येईल. ज्योतीरामनं त्यांना विचारलं होतं की मूळ कारण काय. हा त्याचा कंपनीतला प्रश्न. चाकणच्या कंपनीत तो मेन्टेनन्सला. मशीन बंद पडलं की तिथं आधी मूळ कारण शोधतात, मग पाना उचलतात. माणूस हाडाचा मेन्टेनन्सवाला, देवळात गेला तरी घंटेचा बोल्ट ढिला आहे का ते बघणार. डॉक्टर म्हणाले, मूळ कारण माहीत नाही, जगात कुणालाच नाही, संशोधन चालू आहे. घरी येताना रिक्षात सुमन म्हणाली, "चला, म्हंजे आपली चूक नाही," आणि बाहेर बघत बसली. तिला त्यात सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याला मात्र कारण नसलेला बिघाड म्हणजे काय, तेच कळत नव्हतं. तो घरात फेऱ्या घालायचा, तिच्यासमोर बसून तिचा श्वास मोजायचा, ती झोपली की छातीकडे बघत राहायचा. अशात एका रविवारी वाकडहून त्यांची मुलगी वर्षाली आली आणि आपला जुना, गेम खेळायचा कॉम्प्युटर सोडून गेली. ती आयटीत. तिनं समजावून सांगितलं की परदेशातल्या विद्यापीठांतले शास्त्रज्ञ असल्या आजारांवर काम करतात, शरीरातली प्रथिनं कशी दुमडतात, कुठं चुकतात ते शोधतात; ते गणित एवढं प्रचंड असतं की एका जागी होत नाही. मग त्याचे तुकडे करून जगभरच्या लोकांच्या घरी पाठवतात. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा असेल त्यानं तुकडा घ्यायचा, सोडवायचा, परत पाठवायचा. फुकट, आपल्या खुशीनं.

"म्हंजे जॉबवर्क," ज्योतीराम म्हणाला होता. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी त्याचा चेहरा खुलला. परांड्याहून पोटापाठी आला तेव्हा त्याची सुरुवात भोसरीतल्या असल्याच एका शेडमध्ये झाली होती. दोन मशीनं, वर पत्रा, आणि मोठ्या कंपनीकडून आलेला एकेक बारका पार्ट. तो पार्ट कुठल्या गाडीत कुठं बसतो ते शेडमध्ये कुणालाच माहीत नसायचं. माप बरोबर आलं पाहिजे आणि माल वेळेवर गेला पाहिजे, बाकी विचारायचं नाही. सुमनलाही त्यानं तसंच सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हितं व्हायलंय ते माझ्याच आजाराचं हाय का?" "तुझंबी असंल, दुसऱ्याचंबी असंल. ते आपल्याला कळत नसतंय." "आन् औषध निघंल कवा?" "निघंल. वर्षं लागतेत." ती थोडा वेळ पडद्यावरच्या त्या रंगीत गुंतवळ्याकडे बघत राहिली, हळूहळू गोल फिरणाऱ्या. मग म्हणाली, "म्हंजे आपला पार्ट दुसऱ्याच कुणाच्या गाडीला लागणार. लागू द्या की." त्याला तेव्हा ते फार बरं वाटलं होतं. बायको समजूतदार आहे असं वाटलं होतं. आज खुर्चीवर बसून ते वाक्य त्यानं पुन्हा काढून पाहिलं, आणि त्यात तिनं आपल्या मरणाचं किती सरळ सांगून टाकलं होतं ते त्याला आत्ता कळलं.

मग तो त्या कॉम्प्युटरमागे लागला तो लागलाच. रिकामं मशीन म्हणजे पाप, हे त्याच्या अंगात भिनलेलं. शिफ्ट संपवून आला की हातपाय धुवायच्या आधी पडद्यापुढे; किती टक्के झालं, तापमान किती, पंखा कण्हतोय का. वर्षालीनं अर्ध्या जोरावर लावून दिलं होतं, त्यानं कंपनीतल्या निरंजन नावाच्या पोराला विचारून पूर्ण लोडवर टाकलं. गुरुवारी लाइट गेली तर चालू जॉब, म्हणजे तो गणिताचा तुकडा, मोडू नये म्हणून इन्व्हर्टर घेतला, त्यावर कॉम्प्युटर आणि हॉलचा पंखा घेतला. बेडरूमच्या पंख्याची वायर ओढायची होती, ती पुढच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी म्हणत राहूनच गेली. समोर नवं बांधकाम चालू होतं, त्याची धूळ यायची, म्हणून गॅलरीचं दार बंद. धूळ तिलाही वाईट, डॉक्टरांनीच सांगितलेलं, तेव्हा दार बंद ठेवण्यात काही चुकत होतं असं नाही. पण दार लावताना त्याच्या डोळ्यांपुढे सुमनची छाती असायची की कॉम्प्युटरची जाळी, हे आज त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं मान खाली घातली असती. खंडेनवमीला कंपनीत सगळी मशीनं बंद करून धुऊनपुसून पूजतात, त्या दिवशी पान्यालासुद्धा हात लावत नाहीत. सुमननं घरातल्या विळी-कात्रीबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "आज तरी त्याला निजू द्या." त्यानं चालू मशीनवरच फूल राहू दिलं. जॉब निम्म्यात होता. फूल दुपारपर्यंत वाळून पापडासारखं झालं.

एसीची हवा तिला खोकवायची, म्हणून तो विषयच नव्हता. फाल्गुनापासून घर तापायला लागलं. हे त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणावं. कळत होतंच, पण पडद्यावरच्या आकड्यात कळत होतं, आणि तो आकडा खाली आणायला त्यानं पत्र्याची पाटी काढून ठेवली, म्हणजे कॉम्प्युटर थंड झाला आणि तितकीच खोली गरम झाली. बाकीचे दिवस तो कंपनीत असायचा. गुरुवारी मात्र घरी. गुरुवारची दुपार त्याला आता आठवली तशी याआधी कधी आठवली नव्हती: जेवणं झालेली, तो इथंच, याच खुर्चीवर, सुमन भिंतीचा आधार घेत हॉलमधून जाते, पदरानं मान पुसते, "जरा बाहेर बसते," आणि दार हलकं ओढून घेते, कडीचा आवाज होऊ नये असं. मग तो एकटा आणि घुंऽऽ. त्याला त्या वेळी चक्क बरं वाटायचं. बायको चार बायकांत जाऊन बसायला लागली, मन रमवायला लागली, असं वाटायचं. कधीकधी तर डुलकी लागायची.

वर्षालीचा फोन गुरुवारी यायचाच. जेवलात का, गोळी घेतली का, या इकडे चार दिवस, हे झालं. मग त्यानं विचारलं, "आई जिन्यात बसायची, तुला माहीत होतं?" "कुणी सांगितलं?" "माहीत होतं का ते सांग." "एकदा मी न कळवता आले होते ना बाबा, तुम्ही फर्स्ट शिफ्टला होता. तेव्हा दिसली. पायरीवर बसली होती, भिंतीला टेकून. मला आधी वाटलं पडलीबिडली की काय." "मग मला का नाही सांगितलं?" "ती नको म्हणाली." वर्षाली सांगत राहिली. "मी तर आत जाऊन ते मशीन बंदच करायला निघाले होते. तर म्हणाली, चालू दे. हे रिकामे बसले की माझ्या तोंडाकडं बघत बसतेत, त्यापेक्षा त्याच्याकडं बघू दे." ज्योतीरामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मी तुम्हाला म्हटलं होतं बाबा. बेडरूमच्या दाराजवळून हलवा म्हणून. तुम्ही म्हणालात तिथं हवा खेळती आहे." हे खरं होतं. त्यानं असंच म्हटलं होतं. "मी नसतंच आणून दिलं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि मग तिला मीटिंग होती.

माझ्या तोंडाकडं, म्हणजे सुमनच्या तोंडाकडे. फोन ठेवल्यावर त्याला हे पुन्हा एकदा नीट लावून घ्यावं लागलं. तो तिच्यासमोर बसून श्वास मोजायचा ते तिला कळत होतं, नको होतं, आणि त्यावर तिनं तोडगा काढला होता. म्हणजे कॉम्प्युटर चालू ठेवला तो त्यानं तिच्यासाठी आणि तिनं त्याच्यासाठी. यात एक प्रकारचा आधार होता, आणि बुडत्याला काडीचा तसा तो त्यानं धरला. तिच्या मर्जीनं चाललं होतं तर. तिला नकोच असतं तर तिनं बंद केलं असतं, एकदा केलंही होतं. हे 'एकदा' त्याला आठवायला नको होतं, पण काडी धरायला गेलं की कधी कधी हाताला काटा येतो. होळीच्या आसपास असेल. तो शिफ्टवरून आला आणि दार उघडताच त्याला कळलं की घर गप्प आहे. पडदा काळा. जॉब जवळजवळ पूर्ण झालेला होता, सकाळी जाताना त्यानं पाहिला होता. "कुणी हात लावला?" तो तिथूनच ओरडला, शॉपफ्लोअरवर ओरडतात त्या आवाजात, जो त्यानं घरात कधी आणला नव्हता. सुमन आतून आली. तिचे केस नुकतेच विंचरलेले होते आणि चेहरा ताजातवाना दिसत होता, झोप झाल्यासारखा. "मीच. डोकं उठलं व्हतं जरा." "न विचारता चालू मशीन बंद करायचं नसतंय, एवढं कळंना तुला? तिकडं लोक वाट बघायलेत." ती म्हणाली, "चुकलं." नुसतं चुकलं. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला हा शब्द असा कधी म्हटला नव्हता. चुकलं तर ती भांडायची आणि मग चहा ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याला वाईट वाटलं होतं. काहीतरी गंमत करून त्यानं ते मिटवलंही होतं. काय गंमत, ते आता आठवेना.

जिन्यात किटली वाजली तसा तो उठून दाराशी गेला. दुर्गाबाई डोक्यावर पदर घेऊन गोठ्याकडे निघाल्या होत्या. "दुर्गाबाई, एक विचारू का," तो म्हणाला. "तिला एवढं गरम व्हायचं तर ती मशीन बंद करून आत का नाही बसली? तुम्हाला काही बोलली का?" दुर्गाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या काही लपवणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि यात लपवण्यासारखं काही आहे हेही त्यांच्या गावी नव्हतं. "मी म्हणले की त्यास्नी. म्हणलं, यवढं उकाडतंय तर घटकाभर बंद करा की त्ये, मालक याच्या आत पुन्यांदा लावा. तर न्हाई म्हणल्या. म्हणल्या, त्याला त्यांचं लाल पत्र लावलंय. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं आसतं. दुसऱ्यानं काढलं तर लावणाऱ्याच्या जिवाला आसतं म्हणं." त्यांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "मला काय त्यातलं कळतंय. तुमच्या कंपनीचा नेम आसंल. व्हय ना?" "व्हय," ज्योतीराम म्हणाला. "नेम आहे." त्या उतरून गेल्या.

लाल पत्र त्याला शोधावं लागलं नाही. टेबलामागे बोर्डाच्या बटणाला ते लोंबत होतं, वर्षाची धूळ अंगावर घेऊन, आणि रोज तिथं हात घालूनही त्याला ते दिसत नव्हतं. कंपनीचा टॅग. मेन्टेनन्सच्या प्रत्येक माणसाला मिळतो: त्याचा फोटो, त्याचं नाव, आणि वर मोठ्या अक्षरांत 'धोका. माणूस काम करत आहे. हात लावू नये.' मशीनच्या पोटात शिरायचं तर आधी मेन बंद करायचा, बटणाला आपला टॅग लावायचा आणि मग आत जायचं. तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. फोरमन आला, साहेब आला, तरी दुसऱ्यानं त्याला शिवायचं नाही. भोसरीच्या शेडमध्ये असलं काही नव्हतं. नागसेन नावाचा त्याचा जोडीदार प्रेसमध्ये हात घालून आतला साचा, डाय, पुसत होता आणि कुणीतरी, मशीन बंद का म्हणून, बटण दाबलं. त्या दिवशी ज्योतीराम घरी येऊन जेवला नव्हता. सुमननं त्याच्या शर्टावरचे डाग गार पाण्यानं काढले होते. म्हणून चाकणला पहिला टॅग मिळाला तेव्हा त्यानं तो मुद्दाम घरी आणून तिला दाखवला, नेम समजावून सांगितला, म्हणाला, "हे लावलेलं असलं की माझा जीव ह्याच्यावर. ह्याला कुणी हात लावला की मी गेलो." सुमननं तो टॅग रात्रभर देवापुढे ठेवला आणि सकाळी डब्याबरोबर त्याच्या हातात दिला. होळीनंतरची गंमत ती हीच. कंपनीनं नवे टॅग दिले होते, जुना खिशात होता, तो त्यानं घरच्या बटणाला अडकवला आणि ओरडल्याची भरपाई म्हणून हसत म्हणाला, "आता साहेब आला तरी बंद करायचं नाही." सुमनही हसली होती. हसता हसता तिला खोकला लागला आणि त्यानं पाणी आणून दिलं. त्याच्या लेखी ते तिथंच मिटलं. टॅग माणसाला वाचवायला असतो. त्यानं तो मशीन वाचवायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेला. ती नाही विसरली. ती सगळा उन्हाळा त्याचा जीव सांभाळत जिन्यात बसली, आणि शेवटी शेवटी ऑक्सिजनची नळी लागली तेव्हा पायरीपर्यंतही जाता येईना म्हणून आत पडून राहिली. तेव्हा घरात दोन मशीनं चालायची. त्यातलं ऑक्सिजनचं भाड्याचं होतं, ते ती गेल्यावर माणसं येऊन घेऊन गेली.

फोटोतला ज्योतीराम काळ्या केसांचा, डोक्याला पिवळं हेल्मेट, आणि साहेबासारखा ताठ बघत होता. तोच चेहरा तिनं बटणापाशी रोज पाहिला असणार. त्यानं टॅग काढला. काढायला काहीच लागलं नाही, नुसता हूक होता. आता बटण दाबायचं, एवढंच, आणि बोट तिथं नेलंही. पण पडद्यावर जॉब संपत आलेला होता. हाडं अशी सहज बदलत नाहीत. मग त्याला वाटलं, ज्यापायी ती बाहेर बसली ते निदान अर्धवट तरी नको. त्यानं पुढचा जॉब न घेण्याची खूण केली आणि खुर्चीवर बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते येऊ देत तो टक्के बघत होता, हे त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. सुमन असती तर म्हणाली असती, रडा नाहीतर टक्के बघा, एक काहीतरी करा. उन्हं कलता कलता आकडा भरला, तुकडा जिथं जायचा तिथं गेला, रंगीत गुंतवळा फिरायचा थांबला. त्यानं बटण दाबलं. पंखे एकेक करून मंदावले, शेवटचा जरा घुटमळला, आणि थांबला.

घर गप्प झालं. आधी ती शांतता कानाला खुपली, मग तिच्यात एकेक गोष्ट उगवायला लागली. स्वयंपाकघरातला नळ टिपकत होता. समोरच्या बांधकामावर कुणी सळ्या टाकत होतं. खाली फाटक वाजलं, लिफ्टचं दार सरकलं, कुणाच्या तरी घरात एक बाई फोनवर मेथीचा भाव विचारत होती आणि तो त्याला कळला. गुरुवारच्या दुपारी तो इथंच बसायचा आणि ती त्या दारापलीकडे. तिनं कधी हाक मारली असेल का, हा विचार पहिल्यांदाच त्याच्या मनात आला. मग जिन्यात सावकाश पावलं वाजली. दुर्गाबाई गोठ्यावरून येत होत्या. त्याच्या मजल्यावर आल्यावर पावलं थांबली. किटली पायरीवर टेकवल्याचा आवाज झाला. बाई दम खात होत्या. त्या नुसत्या उभ्या राहून श्वास घेत होत्या, आत आणि बाहेर, आणि बंद दारातून तो श्वास घरात स्वच्छ ऐकू येत होता.